यादीत नसलेलं गाव

९ ऑक्टोबर १८२५ ला न्यूयॉर्कच्या बंदरात एक गलबत लागलं. धक्क्यावरच्या लोकांनी आधी गलबत पाहिलं, मग त्यातून उतरणारी माणसं मोजली, आणि पुन्हा एकदा गलबताकडे पाहिलं. एवढ्याशा लाकडी खोक्यातून एवढी माणसं अटलांटिक ओलांडून आली, यावर कुणाचा विश्वास बसेना. शहरातल्या वर्तमानपत्रांनीही या नवलाची बातमी छापली. ‘रेस्टाउराशोन’ हे गलबताचं नाव, आणि त्याचं माप जेमतेम ३९ टन. नॉर्वेतल्या स्टाव्हांगर बंदरातून ४ जुलैला ते निघालं तेव्हा त्यावर बावन्न जण होते. उतरले त्रेपन्न. लार्स लार्सन गेइलाने हा या मंडळींचा म्होरक्या. त्याच्या बायकोनं २ सप्टेंबरला भर समुद्रात मुलीला जन्म दिला होता. नॉर्वेतून अमेरिकेत झालेल्या संघटित स्थलांतराचा आरंभ असा आकड्याच्या चुकामुकीनं झाला.

लार्स इंग्रजांचा युद्धकैदी होता. नेपोलियनच्या काळातल्या लढायांत तो सापडला, आणि इंग्लंडमधल्या कैदेत क्वेकर पंथाचा झाला. घरी परतल्यावर कळलं की नॉर्वेच्या सरकारी चर्चबाहेर राहून आपल्या पद्धतीनं प्रार्थना करणं, लग्न लावणं, मूठमाती देणं या सगळ्यालाच अडथळा आहे. क्लेंग पीअर्सन नावाच्या भटक्या स्वभावाच्या माणसाला या मंडळींनी १८२१ मध्येच अमेरिका पाहून यायला धाडलं होतं. त्यानं जमिनीची खबर आणली, इकडे लोकांनी घरदार विकून गलबत घेतलं. वाटेत माडेराजवळ दारूचं एक पिंप तरंगताना सापडलं, ते सगळ्यांनी मिळून रिकामं केलं आणि निशाण न लावताच फुंशालच्या बंदरात शिरले. किल्ल्यावरच्या तोफा रोखल्या गेल्या तेव्हा कुठे शुद्धीवर आले, असं म्हणे. धर्मासाठी देश सोडणाऱ्या सोवळ्या माणसांबद्दल ही गोष्ट त्यांच्याच नातवंडांनी जपून ठेवली, म्हणून ती खरी मानायला माझी हरकत नाही.

न्यूयॉर्कला मात्र खरी गाठ कायद्याशी पडली. २ मार्च १८१९ च्या अमेरिकन कायद्यानुसार दर पाच टनांमागे दोनच उतारू आणता येत. जादा आणले तर माणशी १५० डॉलर दंड, आणि जादा आकडा वीसवर पोचला तर जहाजच जप्त. ‘रेस्टाउराशोन’ला ३,१५० डॉलर दंड झाला. भागाकार केला की एकवीस येतात. म्हणजे अधिकाऱ्यांच्या हिशेबानं एकवीस माणसं जास्त; म्हणून गलबतही गेलं. कप्तान लार्स ओल्सेन हेलान्ड कोठडीत गेला. न्यूयॉर्कच्या क्वेकर मंडळींनी धावपळ केली, अर्ज झाले, आणि १५ नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी दंड आणि जप्ती दोन्ही माफ केली. तोवर बाकीचे लोक पश्चिमेला, ऑन्टॅरिओ सरोवराकाठच्या केंडलला गेले होते. इरी कालवा ऑक्टोबरमध्येच पूर्ण झाला होता. लार्स गलबताचा सौदा उरकायला मागे राहिला. तो निघाला तेव्हा कालवा गोठला होता, म्हणून ऑल्बनीपासून त्यावरून स्केट घालून घसरत गेला, असं सांगतात.

ही कथा नॉर्वेजियन-अमेरिकन घरांत पाठ असते. पण ज्या कायद्यानं पहिल्या गलबताला दंड केला, त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं, आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. परदेशातून आलेल्या प्रत्येक जहाजाच्या कप्तानानं उतारूंची यादी जकात अधिकाऱ्याला द्यायची, आणि त्या अधिकाऱ्यानं ती वर पाठवायची. १८२० पासून अमेरिकेच्या बंदरांत प्रवासी याद्या सलग मिळू लागतात त्या यामुळेच. आज सुमारे चाळीस लाख अमेरिकन स्वतःला नॉर्वेजियन वंशाचे म्हणवतात. त्यांतला जो कुणी पणजोबाचा माग काढायला बसतो, तो आधी या कायद्याच्या दारात उभा राहतो. या याद्या माणसं लक्षात ठेवण्यासाठी केलेल्याच नव्हत्या. जहाजात किती कोंबली, वाटेत किती मेली, हे सरकारला हवं होतं. ‘कोण’ हा प्रश्न नातवंडांचा. सरकार विचारत होतं ‘किती’. शोध घेणाऱ्याच्या निम्म्या अडचणी इथूनच निघतात.

ते पान एकदा जवळून पाहायला हवं. मायक्रोफिल्मवरून संगणकावर आलेलं, कडा काळ्या पडलेल्या, शाई पाठीमागून उमटलेली. वर जहाजाचं नाव, कप्तानाचं नाव, कुठून निघालं ते. खाली उभे रकाने: नाव, वय, स्त्री की पुरुष, धंदा, कोणत्या देशाचा, कोणत्या देशात राहणार, वाटेत मेला काय. बस्स. ‘धंदा’ या रकान्यात पहिल्या ओळीला ‘शेतकरी’ आणि मग खाली पानभर ‘वरीलप्रमाणे’ म्हणून दोन दोन टिंबं. ‘देश’ या रकान्यातही तीच टिंबं. कारकुनाचा हात दुखत असणार, आपण समजून घ्यावं. पण त्या टिंबांच्या रांगेत गाव कुठेच नाही. १८१९ च्या कायद्यानं गाव विचारलंच नव्हतं. जन्मगावाचा रकाना अमेरिकेच्या बंदरातल्या यादीत यायला १९०६ साल उजाडावं लागलं. मायदेशातल्या जवळच्या नातलगाचं नाव-पत्ता आणखी वर्षभरानं, १९०७ मध्ये. तोवर नॉर्वेतल्या स्थलांतराचा ऐन भर ओसरला होता. १८८२ या एका वर्षात २८,८०४ माणसांनी नॉर्वे सोडली. १८६५ च्या गणतीला अख्ख्या देशाची वस्ती सतरा लाख होती, हे ध्यानात घेतलं म्हणजे हा आकडा केवढा ते कळतं. युरोपात लोकसंख्येच्या मानानं यापेक्षा जास्त माणसं फक्त आयर्लंडनं गमावली.

त्यातही एक मोठं भगदाड आहे. नवशिक्याला ते ठाऊक नसतं, आणि तो न्यूयॉर्कच्या याद्यांत महिनोन्‌महिने बुडून राहतो. १८४९ मध्ये ब्रिटननं आपले जुने नौकानयन कायदे रद्द केले, आणि नॉर्वेच्या जहाजांना कॅनडातलं लाकूड ब्रिटनला वाहून न्यायची मुभा मिळाली. मग जहाजवाल्यांनी साधा हिशेब केला: जाताना रिकामं कशाला जायचं? माणसं भरा, क्वेबेकला उतरवा, लाकूड भरा, आणि या परत. लाकडाच्या खणात फळ्या ठोकून दोन मजली बाकं करत. परतताना ती उपटून टाकली की खण पुन्हा लाकडाला मोकळा. भाडं स्वस्त झालं, आणि १८५० नंतरची पंधरा-सोळा वर्षं बहुतेक नॉर्वेजियन न्यूयॉर्कला गेलेच नाहीत. ते सेंट लॉरेन्स नदीतून क्वेबेकला उतरले, तिथून बोटीनं आणि आगगाडीनं सरोवरांच्या वाटेनं विस्कॉन्सिन, आयोवा, मिनेसोटात शिरले. क्वेबेकच्या प्रवासी याद्या मात्र १८६५ पासूनच्याच शिल्लक आहेत. कॅनडातून अमेरिकेत येणाऱ्यांची सरहद्दीवर नोंद व्हायला लागली १८९५ मध्ये. म्हणजे १८५७ मध्ये आलेल्या माणसाचा अमेरिकेत पाऊल ठेवल्याचा कागदच नसतो. तो हरवलेला नाही. कुणी केलाच नव्हता. शिडाच्या जहाजानं सात-आठ आठवडे, कधी त्याहून जास्त. सोबत स्वतःचं खाणं, म्हणजे कडक पातळ भाकऱ्या, खारवलेलं मटण, आंबट दूध. नक्षीदार रंगवलेली लाकडी पेटी, तिच्यावर मालकाचं नाव आणि साल. आणि गोवर किंवा टायफस निघाला तर ग्रोस ईल बेटावरच्या विलगीकरण केंद्रात अडकून पडणं. एवढं सगळं सोसून आलेला माणूस आणि त्याची एक ओळही नाही. पेटी मात्र अनेक घरांत राहिली. आयोवातल्या डेकोरा गावच्या व्हेस्टरहाइम संग्रहालयात अशा पेट्या रांगेनं मांडलेल्या आहेत, आणि कित्येकदा पेटीवरचं नाव हाच घरातला सर्वांत जुना कागद ठरतो.

मग माग काढायचा कसा? जाणती मंडळी उलट्या दिशेनं चालतात. बोट शोधण्याआधी शेत शोधा, असं त्यांचं सांगणं असतं. आणि शेत सापडलं की बोट नाही सापडली तरी चालतं.

याचं कारण नॉर्वेतले पाद्री. सरकारी चर्चचा पाद्री हा तिथला जन्ममृत्यूचा कारकूनही होता. बाप्तिस्मा, दृढीकरण, लग्न, दफन, गावात आलेले, गाव सोडून गेलेले, सगळं एका जाडजूड वहीत. १८१० पासून देवीची लस सक्तीची झाली, तीही तशी की लस टोचल्याचा दाखला नसेल तर पुढे दृढीकरण नाही, लग्न नाही. म्हणून लसीची नोंदसुद्धा त्याच वहीत. गाव सोडणाऱ्याला पाद्री दाखला लिहून देई: अमुक दिवशी जन्म, अमुक दिवशी बाप्तिस्मा, लस झालेली, चालचलणूक बरी. चर्चचा सेवक म्हणजे क्लोकर, तो याच वहीची दुसरी प्रत स्वतः लिहून ठेवी, आणि दोन्ही वह्या एका छपराखाली ठेवायच्या नाहीत असा नियम होता. एका घराला आग लागली तरी दुसरी वही वाचावी म्हणून. लाकडी घरांच्या देशात हा विचार ज्यानं केला त्याला शंभर वर्षांनी किती घरं दुवा देणार आहेत, हे त्याला माहीत असणं शक्य नव्हतं. दोन प्रतींमुळे आणखी एक फायदा होतो. पाद्र्यानं घाईत चुकवलेलं वय क्लोकरच्या वहीत बरोबर सापडतं, कारण क्लोकर गावचाच असायचा.

पण वही उघडायला गाव माहीत हवं, आणि गाव कळायला नाव नीट वाचता आलं पाहिजे. नॉर्वेत आडनाव नावाची वस्तू खेड्यांत नव्हतीच. ओलेचा मुलगा तो ओल्सेन, ओलेची मुलगी ती ओल्सदातर; लग्नानंतरही ती ओल्सदातरच. दर पिढीला हे नाव बदलणार. म्हणून ओळख पटायला तिसरा शब्द लावत: ज्या शेतावर राहतो त्याचं नाव. शेत म्हणजे नुसती जमीन नव्हे. घर, गोठा, कोठार, वरचं कुरण, सगळं मिळून एक वस्ती, आणि तिला स्वतःचं जुनं नाव. आपल्याकडे गावाला ‘कर’ लावून आडनाव होतं तसंच हे काहीसं. फरक एवढाच की नॉर्वेचा माणूस शेत बदललं की नावही बदलत असे. सासुरवाडीच्या शेतावर राहायला गेला की सासऱ्याच्या शेताचं नाव लागणार. आपल्याकडे घरजावयाला असं करायला लावलं तर गावात काय बोललं जाईल! आडनाव कायम ठेवण्याची सक्ती तिथे १९२३ च्या कायद्यानं झाली.

नुट रॉक्ने हे नाव अमेरिकन फुटबॉल पाहणाऱ्याला सांगावं लागत नाही. नोत्र दाम विद्यापीठाचा हा प्रशिक्षक ४ मार्च १८८८ ला पश्चिम नॉर्वेतल्या व्हॉस इथे जन्मला आणि १८९३ मध्ये आई-बहिणींबरोबर शिकागोला आला. वडील आधीच तिथे, जागतिक प्रदर्शनात आपली घोडागाडी मांडायला गेले होते. मुलाचं जन्मनाव क्नुट लार्सन रॉक्ने. त्यात तीन खुणा दडल्या आहेत. बापाचं नाव लार्स. बापाच्या बापाचं नाव क्नुट, कारण थोरल्या मुलाला आजोबाचं नाव देण्याची रीत होती आणि बापाचं पूर्ण नाव लार्स क्नुटसन. आणि रॉक्ने हे व्हॉसमधल्या शेताचं नाव. एवढ्या एका नावावरून व्हॉसच्या चर्चची कोणती वही उघडायची आणि त्यात कोणतं शेत शोधायचं हे ठरतं. आगबोटीचं नाव कळलं तर बरं, नाही कळलं तरी काम अडत नाही. उलट उदाहरण ‘स्नोशू’ थॉम्पसनचं. सिएरा नेव्हाडाच्या बर्फातून लाकडी स्कीवर टपाल नेणारा हा माणूस टेलेमार्कमधल्या टिनचा, दहा वर्षांचा असताना १८३७ मध्ये आलेला. त्याचं खरं नाव यॉन टॉर्स्टाइनसन रुए. अमेरिकेत टॉर्स्टाइनसनचं थॉम्पसन झालं, रुए गळून पडलं. रुए हे शेताचं नाव. थॉम्पसन हातात धरून तुम्ही टेलेमार्कला गेलात तर तिथे कोणी ओळखही देणार नाही. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष वॉल्टर मॉन्डेल यांचं आडनाव सॉग्नच्या फियर्डकाठचं मुंडाल. एक स्वर इकडचा तिकडे झाला, पण गाव शाबूत राहिलं. प्राध्यापक ओलुफ रिग यांनी देशभरातल्या शेतांची नावं, त्यांची जुनी रूपं आणि अर्थ यांचा खंडामागून खंड असा संग्रह उभा केला. मुळात तो भाषाशास्त्राचा उद्योग. आज मिनेसोटातल्या शिक्षिका निवृत्तीनंतर तो उघडून बसतात.

थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं. मूल दगावलं की तेच नाव पुढच्याला. बायको वारली आणि पुन्हा लग्न केलं की दुसऱ्या बायकोच्या पहिल्या मुलीला वारलेल्या बायकोचं नाव. ही रीत कळली की मुलांच्या नावांवरून आजी-आजोबांचा अंदाज करता येतो. अंदाजच, पुरावा नव्हे. एका घरात दोन जिवंत ओले असत, एक थोरला आणि एक धाकटा, एक या आजोबाचा आणि एक त्या आजोबाचा. तेव्हा हुशारी करणाऱ्याचं हसं व्हायला वेळ लागत नाही.

आगबोटी आल्या आणि कागद वाढले. १८६७ पासून क्रिस्टियानियाच्या, म्हणजे आजच्या ऑस्लोच्या, आणि ट्रॉन्हेमच्या पोलिसांनी जाणाऱ्यांची नोंद ठेवायला सुरुवात केली. बर्गेनच्या वह्या १८७४ पासूनच्या. १८६९ च्या कायद्यानं तिकीट विकणाऱ्या एजंटांना पोलिसांची परवानगी सक्तीची झाली, कारण खेडुतांना बोटीचं तिकीट म्हणून वाटेल तो कागद विकणारे खूप झाले होते. या पोलीस वह्यांत नाव, वय, धंदा, जिल्हा-गाव आणि कुठे जाणार ते लिहिलेलं. अमेरिकेच्या बंदरात ‘नॉर्वे’ एवढंच लिहिलं गेलं तो माणूस इथे आपल्या गावासकट सापडतो. कित्येकदा तर अमेरिकेतल्या यादीत ‘नॉर्वे’सुद्धा नसतं. १९०५ पर्यंत नॉर्वे आणि स्वीडनचा राजा एकच होता, त्यामुळे कारकुनानं सरळ ‘स्वीडन’ लिहून टाकलेलं. हे नॉर्वेच्या माणसाला आजही झोंबतं.

आगबोटींच्या काळातला घोटाळा वेगळा. कुणी म्हणालं, आमचे आजोबा ‘आँजेलो’ बोटीनं आले, पोलीस वहीत तसं लिहिलंय, तर ते खरं असतं आणि तरी चुकीचं. ‘आँजेलो’ ही विल्सन कंपनीची, ती क्रिस्टियानियाहून उत्तर समुद्र ओलांडून इंग्लंडमधल्या हलपर्यंतच जायची. हलला उतरायचं, पॅरागॉन स्थानकाला लागून परदेशी जाणाऱ्यांसाठी १८७१ मध्ये बांधलेल्या प्रतीक्षालयात बसायचं, आगगाडीनं देश आडवा ओलांडून लिव्हरपूलला जायचं, आणि तिथे क्यूनार्ड, व्हाइट स्टार, ॲलन, इनमन, गियॉन यांपैकी कुणाची तरी अटलांटिकवरची बोट पकडायची. म्हणजे एक माणूस, दोन बोटी, आणि दोन्ही याद्यांत नाव दोन तऱ्हांनी. क्रिस्टियानियाच्या पोलिसानं कानानं ओळखीचं नाव लिहिलं. लिव्हरपूलच्या कारकुनानं जसं ऐकू आलं तसं. बायकोचं नाव तर हमखास बदलणार. तिकडे कारी ओल्सदातर म्हणून निघालेली बाई इथे नवऱ्याच्या नावानं मिसेस होऊन चढते. ब्रिटनमधून निघालेल्या उतारूंच्या याद्या १८९० पासूनच्याच उरल्यात, त्यामुळे त्याआधी लिव्हरपूलमध्ये काय झालं हे विचारायला जागा नाही. हिशेब करायचा तो असा: क्रिस्टियानियाची तारीख धरायची, त्यात समुद्र, रेल्वे आणि लिव्हरपूलच्या खाणावळीतले एक-दोन दिवस मिळवायचे, आणि मग त्या आठवड्यात सुटलेल्या बोटी एकेक तपासायच्या. थेट न्यूयॉर्कला जाणारी मोठी नॉर्वेजियन कंपनी निघाली ती १९१० मध्ये, आणि तिची पहिली बोट ‘क्रिस्टियानियाफ्योर्ड’ सुटली १९१३ ला. गर्दी तोवर सरून गेली होती.

आता एलिस बेटाबद्दल. नॉर्वेजियनच काय, कुठल्याही वंशाच्या अमेरिकन घरात एक कथा असते: एलिस बेटावरच्या अधिकाऱ्यानं आमचं नाव बदललं. हे घडत नसे. यादी बोटीच्या कंपनीनं निघायच्या बंदरातच केलेली असे. बेटावरचा अधिकारी ती समोर घेऊन उतारूला प्रश्न विचारी आणि उत्तरं पडताळून बघी. नाव बदललं ते लिव्हरपूलच्या खिडकीवर, नाहीतर पुढे मिनेसोटात, शाळेतल्या मास्तरणीला ‘ह्यालव्हॉर’ म्हणता येईना तेव्हा. शिवाय एलिस बेट उघडलं १ जानेवारी १८९२ ला. त्याआधी १८५५ पासून कासल गार्डन. हा मूळचा किल्ला, मधल्या काळात नाट्यगृह, १८५० मध्ये तिथे स्वीडनची गायिका येनी लिंड गायली होती. पाच वर्षांनी त्याच छपराखाली स्वीडन-नॉर्वेची माणसं गाठोडी घेऊन बसली. १८९७ च्या जूनमध्ये एलिस बेटावरच्या लाकडी इमारती जळाल्या आणि कासल गार्डनच्या राज्य सरकारी नोंदी त्यात गेल्या. जीव एकही गेला नाही. जकात खात्याकडच्या याद्या दुसरीकडे होत्या म्हणून वाचल्या. पुन्हा तोच १८१९ चा कायदा. ज्यानं कप्तान हेलान्डला कोठडीत टाकलं त्यानंच हे कागद वाचवले, असं म्हणायचा मोह होतो. खरं तर वाचवलं ते सरकारी खात्यांच्या दोन-दोन प्रतींच्या सवयीनं. क्लोकरची वही आणि ही, जात एकच.

हे कागद संगणकावर येण्याआधी त्यांत माणूस शोधणं हे काय प्रकरण होतं, याची आता कल्पना येत नाही. न्यूयॉर्कच्या याद्यांना १८४६ पर्यंत सूची होती आणि पुन्हा १८९७ पासून. मधल्या पन्नास वर्षांना काहीच नाही, आणि माणसं आली ती नेमकी त्याच पन्नास वर्षांत. तेव्हा रीळ लावायचं, दांडा फिरवायचा, पान वाचायचं, पुन्हा दांडा. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनचे ग्रंथपाल गेरहार्ड नेसेथ यांनी हे काम आयुष्यभर केलं. १८५० पर्यंत आलेल्या नॉर्वेजियनांची त्यांनी पाच खंडांत नोंद केली: कोण, कुठल्या शेतावरचा, कुठल्या जहाजानं, पुढे कुठे स्थायिक. प्रवासी यादीतलं नाव आणि चर्चच्या वहीतलं नाव यांची एकेक गाठ मारत जाणं, हे ते काम. यंत्राला आजही ते धड जमत नाही, कारण यंत्राला ‘ओले ओल्सेन, २४, शेतकरी’ असे शेकडो सापडतात आणि ते सगळे सारखेच वाटतात. नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागारानं आपल्या वह्यांची पानं आता डिजिटालआर्किव्हे या नावानं कुणालाही फुकट बघायला ठेवली आहेत. १८०१ ची, १८६५ ची, १९०० ची नावानिशी शिरगणतीही. मध्यरात्री नॉर्थ डकोटात बसून एखादी बाई व्हॉसच्या पाद्र्याचं १८४० मधलं गॉथिक अक्षर लावत बसते, हे आज रोजचं दृश्य आहे.

यादीत नाव असणं म्हणजे माणूस पोचला असंही नाही. डेन्मार्कच्या कंपनीची ‘नॉर्गे’ ही आगबोट जून १९०४ मध्ये कोपनहेगनहून निघाली, क्रिस्टियानिया आणि क्रिस्टियानसांडला माणसं घेतली, आणि २८ जूनला स्कॉटलंडच्या पश्चिमेला रॉकॉलजवळच्या खडकावर आपटली. सहाशेवर माणसं बुडाली, त्यांत नॉर्वेजियन शेकड्यांनी. ज्या घरांत अमेरिकेचं पत्र कधी आलंच नाही, त्या घरांतल्या काहींचा शोध इथे संपतो. वाचलेल्यांत अठरा वर्षांचा एक मुलगा होता, हेर्मान पोर्टोस. पुढे हा हेर्मान विल्डेनवाय या नावानं नॉर्वेचा लाडका कवी झाला. ‘विल्डेनवाय’ त्या बोटीच्या यादीत शोधणाऱ्याला काही मिळणार नाही. शेताचं नाव लागतं, तेच पोर्टोस.

शोध घेणारे बरेच जण शेवटी नॉर्वेला जातात. गावोगावच्या हौशी अभ्यासकांनी लिहिलेले ‘बिग्देबोक’ नावाचे ग्रंथ असतात, एका परगण्यातल्या प्रत्येक शेताचा पिढ्यान्‌पिढ्यांचा इतिहास. ग्रंथालयात ते उघडले की शेताच्या नावाखाली मुलांची यादी येते, आणि तिघा-चौघांपुढे ‘अमेरिकेला’ एवढंच. मग गाडी करून त्या शेतावर जायचं. तिथे घोटाळ्याचा शेवटचा पदर उलगडतो. निघून गेलेल्यांत पुष्कळ जण हुसमन होते, म्हणजे दुसऱ्याच्या शेताच्या कोपऱ्यात एक खोली आणि बटाट्यापुरती जागा घेऊन बदल्यात मालकाकडे राबणारी कुळं. तीही मालकाच्या शेताचंच नाव लावत. अमेरिकेत गेल्यावर ओल्सेनांची गर्दी झाली, टपाल चुकायला लागलं, म्हणून ओल्सेननं ते शेताचं नाव आडनाव म्हणून घेतलं, एकशे साठ एकरांच्या सरकारी जमिनीच्या कागदावर तेच लिहिलं, आणि चार पिढ्या ते मिरवलं. ज्या जमिनीचा एक वाफाही त्याच्या बापाचा नव्हता, तिचं नाव.

मालकाचे वंशज पाहुण्यांना कॉफी देतात, पांढरं रंगवलेलं मोठं घर दाखवतात. मग कुणीतरी म्हातारा त्यांना वर चढावर घेऊन जातो. बर्चच्या झाडांत, शेवाळ चढलेल्या दगडांची एक चौकट, जेमतेम एका खोलीची. त्या जागेलाही एक छोटं नाव असतं, पाद्र्याच्या वहीत एकदाच आलेलं. पाहुणे ते म्हाताऱ्याकडून दोनदा म्हणवून घेतात, आणि कागदावर लिहायला लागले की विचारतात, शेवटी एक ‘ए’ की दोन?